डिजिटल ब्रशची कड धूसर येते तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम

लक्षणे

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘कडक ब्रश घेतला आहे, तरी फटकाऱ्याची कड कापल्यासारखी स्वच्छ येत नाही.’ या वाक्यामागे निरनिराळे दोष असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, म्हणून आपल्याला नेमके काय दिसते आहे ते आधी शब्दांत मांडावे.

काहींच्या फटकाऱ्याची कड धुक्यात विरल्यासारखी दिसते; मधोमध रंग भरीव असतो, पण कडेकडे जाताना तो आठ-दहा पिक्सेलपर्यंत फिकट होत जातो. काहींची कड धूसर नसून दातेरी असते, म्हणजे तिरप्या रेषेवर पायऱ्या दिसतात. काहींच्या कडेला झालर लावावी तसे एकसारखे उंचवटे येतात. कुठे कड स्वच्छ असते पण रेषाच थरथरते, तर कुठे फटकाऱ्याची सुरुवात आणि शेवट फिके पडून मधलाच भाग गडद उमटतो. दोन लक्षणे चित्र काढताना लक्षातच येत नाहीत: रेषा आणि तिच्या आत भरलेला रंग यांच्यामध्ये राहणारी पांढरी फट, आणि आपल्या पडद्यावर रेखीव दिसलेले चित्र दुसऱ्याच्या मोबाइलवर पोहोचेपर्यंत कडेला मळकट होणे.

मी पुस्तकांसाठी चित्रे आणि देवनागरी अक्षरलेखन ही दोन्ही कामे आता क्रिता या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्याआधी बरीच वर्षे फोटोशॉपवर होतो. ओळखीच्या चित्रकारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संगणकांवर हाच दोष मी इतक्या वेळा काढला आहे की आता तक्रार ऐकली की मी प्रथम एकच विचारतो: धूसरपणा चित्राच्या पिक्सेलमध्ये आहे, ते दाखवणाऱ्या पडद्यात आहे, की हातापासून सॉफ्टवेअरपर्यंतच्या वाटेत आहे? हे न ठरवता उपाय केले की खर्च भलत्याच जागी होतो. चित्रे काढण्याचा नवा टॅबलेट घेऊन त्याच्यावरही तीच धूसर कड काढणारे मी पाहिले आहेत.

शंभर टक्के झूम आणि कडेची मोजणी

ही तपासणी फुकट आहे आणि तिला अर्धा मिनिट लागतो. क्रितामध्ये १ ही कळ, किंवा फोटोशॉपमध्ये कंट्रोल धरून १ दाबले की चित्र १०० टक्क्यांवर येते, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसतो. ३३ किंवा ६७ टक्क्यांवर सॉफ्टवेअरला शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून चित्र दाखवावे लागते आणि त्या सरासरीत सर्वांत आधी कड मऊ पडते. क्रितात आणखी एक खोच आहे. खालच्या पट्टीत झूमच्या शेजारी एक लहान बटण असते. चित्र पिक्सेलच्या मापाने दाखवायचे की छपाईच्या मापाने, हे त्यावर ठरते. ते छपाईच्या मापावर गेलेले असेल तर १०० टक्क्यांचा अर्थ कागदावरचा आकार असा होतो आणि पिक्सेलवर पिक्सेल बसत नाही. कॅनव्हास फिरवून काम करत असाल तर तोही सरळ करावा, कारण फिरवलेल्या कॅनव्हासवर प्रत्येक कड पुन्हा मोजून काढावी लागते. क्रितात ५ ही कळ दाबली की तो सरळ होतो.

आता एक भरीव, गडद फटकारा ओढावा, चित्र ८०० टक्क्यांपर्यंत मोठे करावे आणि भरीव रंग व पार्श्वभूमी यांच्या मध्ये मधल्या छटांचे किती पिक्सेल आहेत ते मोजावे. एक किंवा दोन असतील तर कड उत्तम आहे. हे मधले पिक्सेल मुद्दाम ठेवलेले असतात. त्यांना अँटी-अलायझिंग म्हणतात आणि त्यांच्यामुळेच तिरपी रेषा डोळ्याला सलग दिसते. एकही मधला पिक्सेल नसेल तर कड दातेरी दिसणारच. अशा वेळी ब्रशऐवजी फोटोशॉपचे पेन्सिल साधन किंवा क्रितातील पिक्सेल-आर्टचा ब्रश हाती आलेला असतो, नाहीतर अँटी-अलायझिंग बंद झालेले असते. मधले पिक्सेल पाच, दहा किंवा वीस भरले तर दोष खरोखर चित्रात आहे आणि पुढच्या तपासण्या ओळीने कराव्यात. मोजणी एक-दोनच निघाली आणि तरीही कड धूसर वाटत असेल, तर ब्रशच्या सेटिंगला हात न लावता थेट पडद्याच्या आणि निर्यातीच्या भागांकडे जावे.

पडद्याकडे वळण्याआधी रंगांच्या छटाही पाहून घ्याव्यात. शेंदरी आणि निळसर हिरवा हे रंग कितीही विरुद्ध असले तरी त्यांची उजळता सारखी असेल, तर त्यांच्या मधली कड डोळ्याला ठरत नाही, ती हलल्यासारखी वाटते. चित्र क्षणभर करडे करून पाहावे. करड्या चित्रात दोन्ही भाग एकमेकांत मिसळले तर दोष सॉफ्टवेअरचा नसून रंगयोजनेचा आहे.

चुकून दाबली गेलेली कळ

फोटोशॉपमध्ये ब्रश हाती असताना ५ हा आकडा दाबला की ओपॅसिटी, म्हणजे रंगाची अपारदर्शकता, ५० टक्के होते आणि शिफ्ट धरून ५ दाबले की फ्लो, म्हणजे रंगाचा ओघ, ५० टक्के होतो. शिफ्टसह डावा चौकोनी कंस दाबल्यास हार्डनेस, म्हणजे कडेचा कडकपणा, कमी होतो. क्रितात आय आणि ओ या कळांनी ओपॅसिटी कमी-जास्त होते आणि ई कळेने तोच ब्रश खोडरबर बनतो. कीबोर्डवर कोपर टेकला किंवा दुसऱ्याच खिडकीत टाइप करतो आहोत अशा समजुतीने एखादे अक्षर दाबले गेले, की ब्रश गुपचूप बदलतो. माझ्या अंदाजाने निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

म्हणून वरच्या पट्टीतील ओपॅसिटी आणि फ्लो दोन्ही १०० टक्क्यांवर आहेत का, ते पाहावे. क्रितात ब्रशचा मूळ संच पुन्हा आणणारे बटण वरच्या पट्टीतच असते, ते एकदा दाबावे. ब्रशमधले तात्पुरते बदल आपोआप लक्षात ठेवण्याची सोय चालू असेल तर कालचा प्रयोग आजच्या चित्रात उतरतो. ती बंद ठेवलेली बरी.

माऊसची रेघ

पेन बाजूला ठेवून माऊसने एक रेघ ओढावी. हात वेडावाकडा चालेल, आपल्याला फक्त कड पाहायची आहे. माऊसला दाब कळत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर त्याचा दाब पूर्ण धरते. माऊसची रेघ स्वच्छ आणि पेनची धूसर किंवा टोकांना फिकी आली, तर ब्रश व फाइल निर्दोष आहेत आणि गडबड दाबाची आहे. दोन्ही रेघा सारख्याच धूसर आल्या तर टॅबलेटवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

दाबाची गडबड बहुतेक वेळा ब्रशच्या निवडीतच असते. क्रितात ‘बेसिक-५ साइझ’ आणि ‘बेसिक-५ साइझ ओपॅसिटी’ असे दिसायला जवळजवळ सारखे दोन ब्रश आहेत. पहिल्यात पेनच्या दाबाने फक्त जाडी बदलते. दुसऱ्यात जाडीबरोबर रंगाची दाटीही बदलते. साधारण माणूस पेन पूर्ण जोराने दाबत नाही, त्यामुळे दुसऱ्या ब्रशने काढलेली रेघ बहुतांश वेळ अर्धपारदर्शक राहते, एकावर एक फटकारे आले की कडेच्या बाजूला थर दिसतात आणि चित्र धूसर वाटू लागते. फोटोशॉपमध्ये एफ ५ दाबून ब्रश सेटिंग उघडावे आणि दाबाने दाटी बदलणाऱ्या ‘ट्रान्सफर’समोरची खूण काढावी, ‘शेप डायनॅमिक्स’मधील दाबाने बदलणारी जाडी राहू द्यावी. कडक कडेसाठी माझा नियम सरळ आहे: दाबाने जाडी बदलावी, दाटी नाही.

हार्डनेस शंभर, तरी कड मऊ

इथे जरा थांबून विचार करावा लागतो, कारण सर्वाधिक गोंधळ याच जागी होतो. हार्डनेस १०० टक्के, अँटी-अलायझिंग व्यवस्थित, दाबाचा संबंध तोडलेला, माऊसनेही रेघ काढून पाहिली, तरी कड विरते. याचे कारण असे की डिजिटल फटकारा हा सलग ओढलेला रंगाचा पट्टा नसतो. ब्रशच्या टोकाचे ठसे एकामागून एक, एकमेकांवर चढत उमटतात आणि त्यांची रांग आपल्याला फटकारा म्हणून दिसते. दोन ठशांतील अंतराला स्पेसिंग म्हणतात आणि प्रत्येक ठसा किती रंग टाकतो ते फ्लोवर ठरते.

आता १०० पिक्सेल व्यासाचा, पूर्ण कडक गोल ब्रश घ्या. स्पेसिंग १० टक्के ठेवा, म्हणजे दर १० पिक्सेलला एक ठसा. फ्लोही १० टक्के ठेवा. फटकाऱ्याच्या मध्यरेषेवरचा प्रत्येक बिंदू सुमारे १० ठशांखाली सापडतो, म्हणून तिथे रंगाची दाटी वाढत जाऊन सुमारे ६५ टक्के होते. कडेपासून १० पिक्सेल आत असलेला बिंदू सुमारे ६ ठशांखाली येतो. तिथे दाटी ४७ टक्के राहते. कडेपासून अडीच पिक्सेल आत जेमतेम ३ ठसे पोहोचतात आणि दाटी २७ टक्क्यांवर येते. अगदी कडेला एखादाच ठसा स्पर्श करून जातो. प्रत्येक ठसा स्वतः कडक आहे, पण वर्तुळाचा मधला भाग रुंद आणि कडेचा भाग अरुंद असल्यामुळे त्यांची बेरीज मऊ होते. हार्डनेस वाढवून हा दोष जाणार नाही, कारण तो तिथे नाहीच.

उपाय असा की फ्लो १०० टक्के ठेवावा आणि रंग पातळ हवा असेल तर ओपॅसिटी कमी करावी. ओपॅसिटी संपूर्ण फटकाऱ्याला एकदाच मर्यादा घालते. ६५ टक्के ओपॅसिटी आणि १०० टक्के फ्लो यांनी काढलेला फटकारा मध्यापासून कडेपर्यंत सारखाच ६५ टक्के येतो आणि त्याची कड जागच्या जागी थांबते. क्रितात यासाठी ब्रशच्या संपादकात ‘वॉश’ ही रंगवण्याची पद्धत निवडलेली असावी. ‘बिल्ड-अप’ निवडलेली असेल तर ओपॅसिटीही ठशागणिक साचत जाते आणि वरचेच गणित पुन्हा लागू होते. एअरब्रशची सोय चालू राहिलेली असेल तर हात थांबला तरी रंग साचत राहतो, म्हणून तीही बंद करावी.

स्पेसिंग दुसऱ्या टोकाला गेले की झालर दिसते. त्याच १०० पिक्सेलच्या ब्रशला २५ टक्के स्पेसिंग दिले तर दोन ठशांच्या मध्ये कडेला सुमारे दीड पिक्सेलची खाच पडते. १० टक्क्यांवर ती पाव पिक्सेल उरते आणि डोळ्याला दिसत नाही. ब्रश मोठा केला की टक्केवारी तीच राहूनही खाच त्याच प्रमाणात मोठी होते, त्यामुळे ४०० पिक्सेलच्या ब्रशला २५ टक्के स्पेसिंगवर सहा पिक्सेलांहून अधिक खोल झालर येते. ‘लहान ब्रश चांगला चालतो, मोठा केला की बिघडतो’ या तक्रारीचे हे एक कारण आहे. स्पेसिंग ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावे. त्याहून खाली नेल्यास संगणकावर नाहक भार येतो आणि मोठा ब्रश हाताच्या मागे रेंगाळू लागतो.

ब्रशच्या टोकाचे चित्र

त्याच तक्रारीचे दुसरे कारण टोकात असते. काही ब्रशांचे टोक सॉफ्टवेअर गणिताने काढते, काहींचे टोक म्हणजे साठवून ठेवलेले लहान चित्र असते. शाईचा डाग, खडूचा ठसा, जुना कुंचला यांपासून बनवलेले आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेले ब्रश बहुधा दुसऱ्या जातीचे असतात. टोकाचे मूळ चित्र १५० पिक्सेलचे असेल आणि आपण ब्रश ६०० पिक्सेलचा केला, तर ते चौपट ताणले जाते आणि त्याची कडही चौपट पसरते. अशा ब्रशला कोणतेही सेटिंग तारत नाही. मोठ्या आकारासाठी गणिती टोक वापरावे, किंवा तोच ठसा मोठ्या मापाने पुन्हा स्कॅन करून नवे टोक बनवावे.

क्रितात गणिती टोकाला ‘ऑटो’ म्हणतात. त्यात ‘डिफॉल्ट’ प्रकार निवडावा, ‘सॉफ्ट’ किंवा ‘गॉशियन’ नव्हे. आडवा आणि उभा असे दोन्ही ‘फेड’ १.० वर असावेत, ‘रँडमनेस’ शून्य आणि ‘डेन्सिटी’ १०० टक्के असावी. शेवटच्या दोन आकड्यांमुळे कड धूसर होत नाही, पण किरकिरीत होते आणि दुरून पाहणाऱ्याला ती धूसरच वाटते.

देवनागरी अक्षरे काढणाऱ्यांना ही तपासणी विशेष लागते. बोरूच्या कापलेल्या टोकासारखा चपटा ब्रश करताना टोकाचे ‘रेशो’ कमी करून ते तिरपे लावतात. त्या टोकाचा कोन पेनच्या फिरण्याशी जोडलेला राहिला तर शिरोरेषेची जाडी मध्येच बदलते आणि दोन फटकारे जिथे जुळतात तिथे कड तुटल्यासारखी दिसते. ‘रोटेशन’ बंद करून कोन ४५ अंशांवर पक्का केला की काना आणि वेलांटी यांचे जाड-बारीक वळण आपोआप जमते. शिरोरेषा आडवी आणि लांब असल्यामुळे कडेचा कोणताही दोष तिथेच प्रथम उघडा पडतो. नवा ब्रश पारखायचा असेल तर मी ‘क’ किंवा ‘झ’ काढण्याऐवजी नुसती एक शिरोरेषा ओढतो.

निवड, खोडरबर आणि रंग भरणे

फोटोशॉपमध्ये लॅसोसाठी (हाताने निवड करण्याच्या साधनासाठी) दिलेले ‘फेदर’चे, म्हणजे निवडीची सीमा मऊ करण्याचे, मूल्य पुढच्या निवडींनाही लागू राहते. महिन्यापूर्वी सावलीसाठी २० पिक्सेल ठेवले असतील तर आज निवडीच्या आत मारलेला प्रत्येक कडक फटकारा सीमेवर वितळेल. ते शून्य करावे. याच सॉफ्टवेअरमध्ये खोडरबराला स्वतःचा वेगळा ब्रश असतो. रंगवण्याचा ब्रश कडक आणि खोडरबर मऊ, अशी जोडी राहिली तर कड रंगवताना बिघडत नाही, ती नीटनेटकी करताना बिघडते. क्रितात ई कळेने तोच ब्रश उलटा फिरत असल्यामुळे ही अडचण कमी येते, मात्र ‘इरेझर सॉफ्ट’ नावाचा वेगळा ब्रशही तिथे आहे, तो चुकून निवडलेला नाही ना, हे पाहावे.

रेषेच्या आत बादलीने रंग ओतल्यावर जी पांढरी फट राहते ती अँटी-अलायझिंगच्या मधल्या पिक्सेलांची असते. बादलीला ते पिक्सेल रेषेचे वाटतात आणि ती तिथे थांबते. रंग रेषेच्या खालच्या लेयरवर भरावा, बादलीचा ‘थ्रेशोल्ड’ थोडा वाढवावा आणि भरलेले क्षेत्र एक-दोन पिक्सेल बाहेर वाढवण्याची जी सोय क्रितात आहे ती वापरावी. फट बुजवण्यासाठी अँटी-अलायझिंगच बंद करणे म्हणजे उंदरासाठी घर जाळणे होय.

फाइलचे माप आणि पुन्हा पुन्हा केलेले बदल

ए-४ कागदासाठी ३०० पीपीआयची (दर इंचाला ३०० पिक्सेलची) फाइल २४८० बाय ३५०८ पिक्सेलची होते. ७२ पीपीआयची फाइल जेमतेम ५९५ बाय ८४२. चित्र लहान फाइलमध्ये पूर्ण करून, दिवाळी अंकाच्या संपादकांनी ३०० मागितले म्हणून शेवटी वाढवले, तर प्रत्येक कड चौपटीहून थोडी अधिक ताणली जाते आणि मूळच्या दोन पिक्सेलच्या कडेचे आठ पिक्सेल होतात. उलट, पिक्सेलांची संख्या तशीच ठेवून केवळ पीपीआयचा आकडा बदलल्याने चित्रात काहीच बदल होत नाही. कागदावर ते किती मोठे छापले जाईल एवढेच बदलते. माप कामाच्या सुरुवातीला ठरवावे. चित्र संपल्यावर कळले तर महत्त्वाच्या कडा मोठ्या फाइलमध्ये नव्याने ओढण्यावाचून इलाज नाही, आणि ‘शार्पन’ फिल्टर हा तर इलाज नव्हेच. तो कडेच्या दोन्ही बाजूंना उजळ-गडद पट्टे काढून रेखीवपणाचा भास निर्माण करतो.

फिरवणे, लहान-मोठे करणे, तिरपे करणे अशा प्रत्येक बदलात पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि दर वेळी कड थोडी मऊ होते. चेहरा दोन अंश फिरवला, आवडला नाही म्हणून एक अंश परत फिरवला, मग थोडा मोठा केला, असे तीन वेगळे बदल करण्याऐवजी तिन्ही एकाच वेळी करून मग मान्य करावेत. अजून खात्री नसेल तर क्रितात ‘ट्रान्सफॉर्म मास्क’ आणि फोटोशॉपमध्ये ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ वापरावा. त्यात मूळ पिक्सेल सुरक्षित राहतात.

पडदा

ज्यांच्या मोजणीत कड एक-दोन पिक्सेलचीच निघाली होती, त्यांच्यासाठी हा भाग आहे. पडद्याचे रिझोल्यूशन त्याच्या मूळ मापावर असावे. १९२० बाय १०८० चा पडदा १३६६ बाय ७६८ वर चालवला तर अक्षरांसकट सारेच धूसर होते. विंडोजमध्ये १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग ठेवलेले असेल, तर जुन्या सॉफ्टवेअरची संपूर्ण खिडकीच ताणून दाखवली जाते. ते १०० टक्क्यांवर आणून फरक पाहावा. क्रितात प्रदर्शनाच्या सेटिंगमध्ये ‘स्केलिंग मोड’ असतो, तो ‘हाय क्वालिटी’वर ठेवावा; ‘नियरेस्ट नेबर’ ठेवल्यास लांबून पाहताना रेषा दातेरी दिसतात. फटकारा मारताना धूसर दिसतो आणि पेन उचलताच रेखीव होतो, असे होत असेल तर तो दोष नाही. मोठ्या ब्रशचा वेग राखण्यासाठी क्रिता आधी कमी तपशिलाची झलक दाखवते आणि मग खरा फटकारा उमटवते.

निर्यात

जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून माहिती गाळते. कडक कडेभोवती दिसणारी मळकट ठिपक्यांची गर्दी त्यातूनच येते, आणि रंगांची माहिती बहुधा उजळतेपेक्षा कमी तपशिलाने साठवली जात असल्याने निळ्यावरच्या लाल कडेला ती अधिक जाणवते. सपाट रंग आणि रेखीव कडा असलेले चित्र पीएनजीमध्ये द्यावे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र पुन्हा आवळले जाते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते.

पेन, ड्रायव्हर आणि वीज

माऊसची रेघ स्वच्छ आणि पेनची बिघडलेली, ब्रशमधील दाबही तपासून झालेला, असे असेल तरच इथे यावे. क्रिताच्या टॅबलेट सेटिंगमध्ये चाचणीची खिडकी आहे. तिच्यात हळूहळू दाब वाढवत रेघ ओढावी. दाब मधेच तुटत असेल किंवा पूर्ण जोर लावूनही कमाल मूल्य गाठत नसेल, तर तिथलीच दाबाची वक्ररेषा डावीकडे उचलून घ्यावी, म्हणजे हलक्या हाताने पूर्ण दाब मिळेल. दाब मुळीच कळत नसेल तर पेनचा दाब सॉफ्टवेअरला कळवणाऱ्या विंडोज इंक आणि विनटॅब या दोन पर्यायांपैकी जो निवडलेला नाही तो निवडून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर (टॅबलेट संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) काढून टाकावा. दोन ड्रायव्हर एकमेकांच्या पायात पाय घालतात. निब, म्हणजे पेनचे टोक, एका बाजूने घासून सपाट झाली असेल तर ती बदलावी, नाहीतर तिची धारदार कड टॅबलेटवर ओरखडे पाडते आणि रेघ अडखळते.

रेषा थरथरत असेल तर टॅबलेटवर पट्टी ठेवून, तिच्या आधाराने एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढावी. पट्टीवरची रेघ सरळ आली तर कंप हाताचा आहे. मनगटाऐवजी कोपरातून रेघ ओढावी, थोडी जलद ओढावी आणि क्रितातील ‘स्टॅबिलायझर’ मध्यम ठेवावा. पट्टीच्या आधारानेही रेघ लाटेसारखी आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर तीच रेघ पुन्हा ओढावी आणि जवळचा मोबाइल दूर ठेवावा. बहुतेक टॅबलेट विद्युतचुंबकीय क्षेत्राने पेनची जागा ओळखतात, त्यामुळे चार्जरचा विजेचा गोंगाट त्यांच्या वाचनात मिसळू शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावलेला असेल तर अर्थिंग तुटलेले असते आणि हा त्रास वाढतो.

कुठे थांबावे

चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या किंवा टॅबलेटच्या धातूच्या भागाला हात लागून मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर प्लग तिथेच काढावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. हा प्रश्न आता ब्रशचा राहिलेला नाही, आणि सॉकेट उघडून पाहण्याचा मोह टाळावा.

कडक कड मिळावी म्हणून पेन दाबून धरण्याची सवय लागते आणि अंगठा किंवा मनगट दुखू लागते. विश्रांती घेऊनही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. दाबाची वक्ररेषा बदलून दुखणे वाढणे थांबेल, पण झालेली इजा भरून येणार नाही.

चित्र पडद्यावर निर्दोष आहे, पीएनजीतही निर्दोष आहे आणि छापून आल्यावरच कडेला रंगीत सावली दिसते आहे, तर चारही शाईंच्या प्लेट एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या नाहीत. हे काम छापखान्यातील माणसाचे आहे. आपल्या हातात एवढेच असते की बारीक काळ्या रेषा चार रंगांच्या मिश्रणाऐवजी केवळ काळ्या शाईत ठेवाव्यात, आणि त्याही छपाईपूर्व विभागाला विचारूनच.

टॅबलेट दुसऱ्या संगणकावर, ताज्या ड्रायव्हरसह आणि नव्या निबने वापरूनही एका ठरावीक पट्ट्यात रेघ तुटत किंवा वाकत असेल, तर आतील संवेदक बिघडलेला आहे. तो घरी उघडू नये. पडदा असलेले टॅबलेट बहुधा चिकटवून बंद केलेले असतात आणि उघडल्यास वॉरंटीही जाऊ शकते. सेवा केंद्रात जाताना ‘रेघ नीट येत नाही’ एवढेच सांगू नये. संपूर्ण पृष्ठभागावर पट्टीने ओढलेल्या तिरप्या रेघांचे १०० टक्क्यांवरचे पीएनजी, त्याच फाइलमधील माऊसची एक रेघ, ब्रशचे नाव व आकार आणि दोन्ही संगणकांवरील ड्रायव्हरच्या आवृत्त्या सोबत न्याव्यात. एवढे समोर ठेवले की ‘सॉफ्टवेअर पुन्हा टाकून बघा’ असे सांगून परत पाठवणे तिथल्या माणसालाही अवघड जाते.